हेळव्याच्या दोन वह्या

हेळवी येणार म्हणून लालासाहेबांनी त्या सकाळी दोनदा दाढी केली. वह्या वाचणाऱ्या माणसापुढं एवढं नटायचं कारण काय, असं क्रांतीनं नवऱ्याला विचारलं नाही, कारण ते तिला ठाऊक होतं. साताऱ्याच्या पाहुण्यांनी त्यांच्या लेकीला, संयोगिताला, पसंत केलं होतं, आणि निघताना, अगदी सहज, चहाचा कप खाली ठेवता ठेवता म्हणाले होते, तुमच्या घराण्याची थोडी माहिती मिळाली तर बरं, आमच्या वडीलधाऱ्यांना त्याची आवड आहे. असली आवड लालासाहेबांनाही कमी नव्हती. माहिती कशाला, आमचा हेळवी आहे, त्याच्या तोंडूनच ऐकवतो, असं ते छाती पुढं काढून बोलून बसले. मग वाचन फोनवर चित्रित करून साताऱ्याला पाठवायचं ठरलं.

हेळवी म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या नावं सांभाळणारा माणूस. तीन वर्षांनी एकदा कर्नाटकातून यायचं, घराण्याची वही वाचून दाखवायची, नवी जन्मलेली आणि लग्न होऊन आलेली नावं लिहून घ्यायची, जोंधळ्याचं पोतं बांधून पुढच्या गावाला जायचं, हे त्याचं काम. आताच्या हेळव्याचा, नागाप्पाचा, बाप बैलावर बसून यायचा. नागाप्पा मोटारसायकलवर आला, पण बैलाच्या गळ्यातली घंटा त्यानं हँडलला बांधली होती, आणि ती ऐकून गल्लीतली कुत्री आधी पुढं झाली.

बंगल्याच्या पोर्चमध्ये सतरंजी घातली होती. लालासाहेबांचा धाकटा भाऊ, भाऊसो, साताऱ्याहून मुद्दाम आला होता. पलटणीतून सुभेदार होऊन निवृत्त झालेला हा माणूस सतरंजीवरसुद्धा ताठ बसतो, आणि घरात बोलतो फार कमी. खांबाला टेकून त्यांची आई, अंबूबाई, सुपात भुईमुगाच्या शेंगा घेऊन बसली होती. वय एक्याऐंशी. डोक्यावरचा पदर कपाळापर्यंत. वही वाचायला आलेल्या माणसापुढं तरी शेंगा बाजूला ठेव, असं लालासाहेब म्हणाले. वाचणार तो हाय, माजे हात मोकळेच हायत, असं ती म्हणाली आणि फोडत राहिली.

क्रांती दारात उभी होती. तिच्या स्वातंत्र्यसैनिक वडलांनी हौसेनं ठेवलेलं नाव तिला लग्नानंतर अठ्ठावीस वर्षांत फारसं वापरावं लागलं नव्हतं. सांगलीच्या कॉलेजात ती इंग्रजी शिकवायची, आणि आता चोपन्नाव्या वर्षी पीएचडीचा प्रबंध पुरा करत होती. विषय होता एका अमेरिकन कादंबरीतली बाई. लोरेटा तिचं नाव. काळ्या आईची, पण रंगानं उजळ निघालेली मुलगी. गाव सोडते, गोऱ्यांच्या शहरात गोरी म्हणून राहते, गोऱ्या माणसाशी लग्न करते, आणि जन्मभर कुणाला कळू देत नाही.

गेल्या महिन्यात रविवारी दुपारी शेंगा निवडता निवडता क्रांतीनं ही गोष्ट सासूला सांगितली होती. इकडं सुना सासूला आत्याबाई म्हणतात, तशी तीही म्हणायची. तिच्या मते लोरेटाच्या प्रत्येक कृतीमागं भीती होती. ती घरात स्वतःच्या लहानपणीचा एकही फोटो ठेवत नाही, नवऱ्याचे मित्र काळ्यांवर विनोद करतात तेव्हा सगळ्यांच्या आधी हसते, मूल होऊ देत नाही. क्रांतीनं लिहिलं होतं, की लोरेटा आपल्या माणसांशी बेइमान झाली आणि त्याची शिक्षा म्हणून एकटी मेली. गाईडना हे प्रकरण फार आवडलं होतं.

अंबूबाईला आवडलं नाही. तिनं आधी विचारलं, ही बाई दिवसभर काम काय करती? काही नाही, घरात बसते, श्रीमंत आहेत, असं क्रांती म्हणाली.

"म्हणून भ्या वाटतंय तिला. भ्या असतंय सकाळच्या पारी. एकदा खुरपं हातात घेतलं की दिसभर त्याची आटवण ऱ्हात न्हाई."

मग तिनं विचारलं, हिची सासू कोण? क्रांतीला हसू आलं. सासूचा कादंबरीत उल्लेखच नव्हता. आणि आई? आई पहिल्या पानावर मरते. अंबूबाईनं सूप पाखडलं, फोलपटं अंगणात गेली, आणि ती म्हणाली, "मग ते पुस्तक अर्दंच हाय. एकट्या बाईला येवढं झाकाय जमत न्हाई, पोरी. झाकाय दुसरं मानूस लागतंय. त्या मानसाचं कुणी काय लिवलंय का बघ."

क्रांती त्या दिवशी हसली खरी, पण नंतर कपाटं लावताना, पेपर तपासताना ते वाक्य तिच्या मागं लागलं. इतकं नेमकं वाक्य गाईडना सुचलं नव्हतं, तिला सुचलं नव्हतं. शेंगा फोडणाऱ्या बाईला ते कुठून सुचलं, हा विचार तिनं केला आणि दोनदा अर्ध्यावर सोडून दिला.

आता नागाप्पा वाचत होता. हेळव्याचं वाचन म्हणजे निम्मं गाणंच. पहिल्या पुरुषापासून तो सुरू झाला. कुणी किल्ल्यावर पडला, कुणी दुष्काळात गाव बदललं, कुणाला दोन बायका. संयोगिता फोन धरून उभी होती आणि लालासाहेब प्रत्येक नावाला मान हलवत होते, जणू तो प्रत्येक जण त्यांना ओळखत होता. होता होता नागाप्पा जवळच्या पिढीवर आला. अर्जुनाबाईंच्या पोटी नाथाजीराव, पलटणीत हवालदार. नाथाजीरावांची बायको अंबूबाई, अर्जुनाबाईंच्या सख्ख्या भावाची लेक, आटपाडी.

"मामाची मुलगी," लालासाहेब फोनकडं बघून म्हणाले. "आमच्या घरात बाहेरचं रक्तच न्हाई."

नागाप्पाला हुरूप आला. गेल्या साली त्याचा चुलता वारला होता आणि आटपाडीकडची गावं त्याच्याकडं आली होती. दोन्ही वह्या एका पिशवीत असण्याची ही पहिलीच वेळ. मालकांनी हुकूम केला तर आईसाहेबांच्या माहेरची ओळही वाचतो, तो म्हणाला. मालकांनी आनंदानं हुकूम केला. भाऊसो एवढंच म्हणाला, की उन्हं चढली, जेवण करून वाचा. त्याच्याकडं कुणी लक्ष दिलं नाही.

आटपाडीची वही लाल फडक्यात होती. अर्जुनाबाईंचे भाऊ हणमंतराव, त्यांची बायको, त्यांचे तीन लेक ज्ञानू, बापू, येसू. दोन लेकी, गोदाबाई आणि हिराबाई. नागाप्पानं पान उलटलं, मागं आणलं, बोटानं ओळ धरून परत वाचली. तीन लेक, दोन लेकी.

शेंगा फुटण्याचा आवाज थांबला होता. लालासाहेबांनी संयोगिताला फोन बंद करायला सांगितला. तुझ्या चुलत्याची वही चुकलीय, असं ते म्हणाले. नागाप्पा गरीब माणूस, पण वहीवर कुणी बोट ठेवलं की तो गरीब राहत नाही. चुलत्यानं ही पाच नावं हणमंतरावांच्या समोर बसून लिहिली, तारीख आहे, असं त्यानं सांगितलं. बरं, मग सहावं नाव आत्ता टाक, म्हणजे विषय संपला, असं लालासाहेब म्हणाले.

"तसं न्हाई जमत, मालक. नाव आदी घरच्या कर्त्याच्या तोंडातनं पडाय लागतंय, सगळ्यांच्या म्होरं. मग माज्या पेनातनं. आटपाडीचा कर्ता आटपाडीला हाय."

"मी फोन लावतो त्याला."

"लावा की."

लालासाहेबांनी फोन हातात घेतला. एवढ्यात दारातून क्रांती बोलली. आपण बोलणार आहोत हे तिला स्वतःलाही बोलेपर्यंत माहीत नव्हतं. "अहो, आत्याबाईंना लहानपणीच बेळगावकडं मावशीकडं ठेवलं होतं. दुष्काळात. घरात नव्हत्या, म्हणून नाव राहिलं असेल."

सासूच्या तोंडून कधीमधी ऐकलेलं बेळगावचं नाव सोडलं तर सगळं खोटं होतं आणि ते एका दमात आलं होतं. खोट्याला वर्षांचा सराव लागतो, असं तिनं प्रबंधात लिहिलं होतं. आता तिला कळलं, की समोर आपलं माणूस अडकलेलं असलं की सराव लागत नाही.

अंबूबाईनं सुनेकडं पाहिलं. जवळजवळ हेच वाक्य तिनं बासष्ट वर्षांपूर्वी ऐकलं होतं, याच जागी, तेव्हा इथं बंगला नव्हता आणि छपराखाली म्हैस होती. बेळगावहून दुपारच्या एसटीनं नाथाजी तिला घेऊन उतरला होता. अर्जुनाबाईनं तिला न्हाऊ घालायला म्हणून आत नेलं, आंबाडा सोडला, आणि ते केस बघितले. दाट, बारीक, स्प्रिंगसारखे वळलेले, पाणी टाकलं तरी न बसणारे. सासूनं ते बोटांत धरून पाहिले. मग तिनं विचारलं, शेतात भांगलायला येतं का? येतं. म्हशीची धार? येती. अर्जुनाबाईनं वाटीभर तेल घेतलं, तिचे केस कवटीला घट्ट बांधले, वर पदर ओढला, आणि बाहेर येऊन गल्लीला सांगितलं, माज्या भावाची लेक हाय, दुष्काळात बेळगावकडं ठेवली हुती. त्या दिवसापासून ती सासूला आत्या म्हणत आली. सगळ्याच सुना म्हणतात. कुणाला काही वाटलं नाही. दर दिवाळीला आटपाडीहून माहेरची साडी येत राहिली, हणमंतराव गेल्यावरही.

आत्या गेली तेव्हा वाटलं होतं, आता घरात हे झाकायचं ओझं आपल्या एकटीचं. आज ते न सांगता सुनेनं उचललं होतं. सुनेनंतर कुणी उचलायचं? संयोगितानं? ती समोरच उभी होती. सांगलीच्या पार्लरात दर सहा महिन्यांनी केस सरळ करून घेणारी, आणि ते असे का आहेत हे कुणाला न विचारणारी. अंबूबाईला सुनेचा फार अभिमान वाटला आणि नातीची काळजी वाटली, आणि दोन्हींचं उत्तर एकच होतं.

"क्रांती, बास," ती म्हणाली. "तुजी सासू मी हाय. माज्यापायी तू खोटं बोलायचं न्हाईस. नागाप्पा, तुजी वही बराबर हाय. मी त्या घरची न्हवं."

लालासाहेब काही तरी म्हणू लागले. तिनं हात वर केला, आणि साठ वर्षांत पहिल्यांदा ते मधेच थांबले.

"माज्या आईचं नाव सुब्बी. हल्याळकडच्या जंगलातली. सिद्दी हाय आमी."

नागाप्पाला समजलं. तो तिकडचाच. सिद्दी म्हणजे कैक पिढ्यांमागं आफ्रिकेतून जहाजांनी आणलेल्या माणसांची लेकरं. देव आपलेच, बोली कोकणी-मराठी मिसळलेली, अंगाचा रंग आणि केस मात्र अजून तिकडचे. अंबूबाईचा बाप देशावरचा गाडीवान, लाकडं न्यायला आलेला. त्याचा रंग तिनं घेतला आणि आईचे केस. आई-लेकी लाकडाच्या ट्रकवर बसून मोळ्या विकायला बेळगावच्या कॅम्पापर्यंत यायच्या. तिथं पलटणीतला एक शिपाई दर मोळीला एकच प्रश्न विचारायचा, हे लाकूड वाळलंय ना? तीन महिने तो हेच विचारत राहिला. शेवटी सुब्बीच म्हणाली, लाकूड वाळलंय, आता पुढचं बोल.

क्रांती हसली आणि हसता हसता रडली. लालासाहेब दोन्हींतलं काही करेनात. त्यांचं तोंड उतरलं होतं. साताऱ्याच्या पाहुण्यांना आता काय सांगायचं, असं त्यांनी विचारलं, आणि विचारताना ते साठीचे वाटत नव्हते.

"हेच सांगा, आप्पा," संयोगिता म्हणाली. "त्यांना घराण्याची आवड आहे ना."

बोलताना तिचा हात केसांकडं गेला होता. तिला तो मुलगा आवडला होता, हे घरात सगळ्यांना माहीत होतं, आणि लग्न मोडलं तर काय हे तिलाही माहीत होतं. पण आवाज हलला नाही. अंबूबाईनं ते बघितलं.

मग भाऊसोनं गळा साफ केला. मला ठाऊक होतं, तो म्हणाला. लालासाहेबांनी त्याच्याकडं असं पाहिलं की दुसरा असता तर गप्प बसला असता.

"शहाऐंशी साली माजी कसम परेड हुती बेळगावला. आईनं सांगून ठेवलं हुतं, गेटाभाईर झाडाखाली हिरव्या लुगड्यातली म्हातारी असंल, तिच्या पाया पड. म्हातारी आली हुती. वर्दीत गेलो मी तिच्याम्होरं. मागनं पोरं बघत हुती." त्यानं सतरंजीची कड सरळ केली. "हळूच आजी म्हनलो. तिला कमी ऐकू यायचं. काय, म्हनली. कानाला हात लावून. मी परत न्हाई म्हनलो. पाया पडलो न्हाई. वळलो आन्‌ आत गेलो. पुढच्या साली ती गेली."

एकोणचाळीस वर्षं तो हे घेऊन चालला होता, सियाचीनला आणि राजस्थानात. अंबूबाईला हे माहीत नव्हतं. तिला वाटत होतं, तो पाया पडला. तिनं सूप बाजूला ठेवलं.

"तू पोरगा हुतास," ती म्हणाली. "माजं काय? तुमचा बा दर सुट्टीला तिच्याकडं तांदूळ देऊन यायचा. मी गेले दोनदा. झाकलं त्याची लाज न्हाई मला. झाकून मी ही जमीन पिकवली, तुमास्नी वाढवलं, तुमचा बा लढाईवर असताना उसाला पाणी दिलं. तिला हितं आनली न्हाई, त्याची हाय. तेवडं एकच. तिचं नाव कुठंच न्हाई, नागाप्पा. कुनाच्याच वहीत न्हाई. माज्या नावाम्होरं तिचं नाव टाक."

नागाप्पानं पेन काढलं नाही. त्याचे डोळे भरले होते, पण रीत ती रीत. "कर्त्याच्या तोंडातनं पाहिजे, आईसाब."

सगळे लालासाहेबांकडं बघू लागले, आणि लालासाहेब उठून उसाकडं चालते झाले.

बांधावर उभं राहून त्यांनी आधी आईवर राग काढला. मग बापावर. मग आजीवर, कारण खरी लबाड तीच. गावात कुणाच्या लग्नात कुळी-देवकावरून सगळ्यात जास्त भांडायची ती अर्जुनाबाई, आणि स्वतःच्या घरात तिनं हे केलं. मग त्यांना दर पंधरवड्याचा न्हावी आठवला. शनिवारी आजी त्याला बोलवायची आणि दोघा भावांच्या डोक्यावर मशीन फिरवून घ्यायची, पार टाळूपर्यंत. लष्करातल्याचं घर हाय, लष्करातल्यासारखं ऱ्हावा. त्या बारीक केसांचा लालासाहेबांना जन्मभर अभिमान होता. सोसायटीच्या निवडणुकीच्या फलकावरही ते तसेच दिसायचे. आज साठीतही ते पंधरा दिवसांनी जात होते, का ते न विचारता.

त्यांनी डोक्यावरून हात फिरवला. खरखरीत. चार बोटं वाढू दिले असते तर कसे दिसले असते, कुणास ठाऊक. दोन बायकांनी मिळून साठ वर्षं त्यांची पाठ राखली होती आणि त्यांना वाटत होतं, ती पाठ आपली आपणच ताठ ठेवली. त्यांना हसू फुटलं. उसातून एक बगळा उडाला. ते परत फिरले तेव्हा साताऱ्याची भीती गेली नव्हती. ती तशीच होती. पण कर्ता म्हणून आपल्याला एकच काम आलंय आणि ते केलं नाही तर कर्ता म्हणवून घ्यायचं कशाला, एवढं त्यांना पक्कं कळलं होतं.

ते सतरंजीवर आईच्या जवळ बसले. संयोगिताला म्हणाले, फोन चालू कर. काय पाठवायचं ते पाठवू, पण सगळं पाठवू. क्रांतीनं आत जाऊन वाटीत तेल आणि फणी आणली आणि सासूच्या मागं बसली. का आणली ते कुणी विचारलं नाही. अंबूबाईनं पदर मागं सारला आणि आंबाडा स्वतःच सोडला. पांढरे, दाट, वळलेले केस मोकळे झाले आणि उन्हात उभे राहिले. संयोगितानं फोन दोन्ही हातांनी धरला.

नागाप्पानं पान काढलं. कर्त्यानं बोलावं, तो म्हणाला.

"लिव," लालासाहेब म्हणाले. ते हळूच बोलत होते. "नाथाजीरावांची बायको अंबूबाई. तिची आई... सुब्बी. सिद्दी. हल्याळ."

नागाप्पाचं पेन पानावर टेकलं. अंबूबाईनं गुडघ्यावर हात ठेवला.

"मोठ्यानं म्हन, लाला. तिला कमी ऐकू यायचं."

भाऊसो उठला. गुडघे दुखत होते तरी ताठ उभा राहिला, टाच टाचेला लागली. आणि दोघा भावांनी एकदम, पलटणीच्या आवाजात, आजीचं नाव घेतलं. गल्लीतली माणसं दारात आली.